मशिन फुकट, मग टूलिंगला किती?

"मॅडम, एक सांगा. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत म्हणता, मग यात गोम काय आहे?"

नाशिकला सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप असलेले हे गृहस्थ परदेशी शिक्षणाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आले होते. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. सोबत मुलगी. मृण्मयी म्हणू तिला. नाव आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. मेकॅनिकल, पुणे विद्यापीठ, शेवटचं वर्ष, सीजीपीए 7.6. मास्टर्स जर्मनीतच करायचं, एवढं पक्कं होतं. कुठे, यावरून घरात तीन आठवडे धुसफूस चालली होती.

टेबलावर दोन कागद आले. एक गुळगुळीत माहितीपत्रक: तिथली एक खासगी संस्था, वर्षाला 12 हजार युरो फी, "ॲडमिशन पक्कं" असा एजंटचा शब्द. दुसरं, मृण्मयीच्या वहीतलं पान: केम्निट्स, माग्डेबुर्ग, इल्मेनाउ, म्युनिक या शहरांतली सरकारी विद्यापीठं. वडिलांचा कल माहितीपत्रकाकडे. जास्त पैसे मोजले की माल चांगला मिळतो, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. त्यावर मी वाद घातला नाही. धंद्यात बऱ्याचदा ते खरंच असतं.

"गोम नाही, कर आहे," मी म्हटलं. तिथली सरकारी विद्यापीठं करदात्यांच्या पैशावर चालतात. 2006-07च्या सुमारास काही राज्यांनी फी लावून पाहिली. लोकांच्या पचनी पडली नाही आणि 2014पर्यंत एकेका राज्याने ती काढून टाकली. बाहेरच्या मुलांनाही बहुतेक राज्यं त्याच पंगतीत बसवतात, त्यात धर्मादाय काही नाही. कारखान्यांना इंजिनिअर हवेत आणि तिथेच शिकून तयार झालेला माणूस आयता मिळतो.

"म्हणजे ॲप्रेंटिस पाळतात."

अगदी तसंच. पण पुढचा प्रश्न इतक्या वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. "बरं, मशिन फुकट. मग टूलिंगला किती?" टूलिंग म्हणजे मशिनला लागणारी हत्यारं; फी सोडून वरचा खर्च किती, असं त्यांना विचारायचं होतं.

त्यांनी खिशातून डिलिव्हरी चलन काढलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघ मारली. हिशेबाला सोपं म्हणून युरो 100 रुपयांचा धरला. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरावे लागतात, म्हणजे जवळजवळ 12 लाख. "हीच फी झाली की!" ते म्हणाले. इथे बहुतेक पालक अडखळतात. ते पैसे विद्यापीठाचे नसतात, मुलीचेच असतात. तिथे पोचल्यावर महिन्याला 992 युरो तिच्याच खात्यात येतात. भाडं, जेवण, आरोग्य विमा त्यातूनच. विद्यापीठाला जातं ते सत्रशुल्क, दर सहा महिन्यांनी साधारण दीडशे ते साडेतीनशे युरो. बऱ्याच ठिकाणी त्यात बस-ट्रामचा पासही येतो.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी मी अडीच वर्षं धरायला लावते. परीक्षा मागे राहतात, इंटर्नशिपसाठी एखादं सत्र वाढतं. त्यात मुलांची चूक असतेच असं नाही. पार्टटाइम कमाई मी हिशेबात धरतच नाही. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण परवानगी आणि काम यांच्यामध्ये जर्मन भाषा उभी असते.

चलनावर आकडे उतरले. सरकारी: अडीच वर्षांचा राहण्याचा खर्च 30 लाख, सत्रशुल्क सव्वा लाख. खासगी: तेच 30 लाख, वर दोन वर्षांच्या फीचे 24. त्यांनी 24च्या भोवती गोल काढला. "ही एक सीएनसी मशिन आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. फीचं कर्ज काढायला घर तारण ठेवायची तयारी होती, हे तेव्हा कुठे बाहेर आलं.

मग मृण्मयीची पाळी. म्युनिक यादीत कशाला? मैत्रीण चाललीय म्हणून. तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना फी लावलीय, मास्टर्सला सत्राला 4 ते 6 हजार युरो. शिवाय खोलीभाडं केम्निट्सच्या दुप्पट सहज. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातही 2017पासून सत्राला 1,500 युरो आहेतच. "जर्मनीत सगळं फुकट" हे वाक्य म्हणूनच मला चिडवतं. मृण्मयीने म्युनिकवर काट मारली, नाराजीने.

"केम्निट्स नाव कुणी ऐकलंय?" वडिलांची शेवटची शंका. मी त्यांना ऑटो युनियनबद्दल सांगितलं. ऑडीची ही पूर्वज कंपनी 1932मध्ये त्याच पट्ट्यात उभी राहिली, आणि शेजारच्या त्स्विकाउमध्ये आज फोक्सवॅगनच्या विजेवरच्या गाड्या बनतात. त्यांनी मान हलवली. ऑडी पुरेशी होती. मात्र लहान शहरात इंग्रजीवर काम मिळणं आणखी अवघड, हेही सांगून टाकलं. मृण्मयीचं जर्मन ए-वनपाशी, म्हणजे पहिल्याच पायरीवर थांबलं होतं. जायच्या आधी बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, ही माझी अट.

तिच्या 7.6चं रूपांतर तिथल्या सूत्राने 2.2 होतं (तिकडे 1 सर्वोत्तम). बऱ्याच ठिकाणची मर्यादा 2.5, म्हणजे गाडी दारापर्यंत पोचते. पुढे विषय जुळावे लागतात. इथे मी एकदा चांगलीच आपटलेय. काही वर्षांपूर्वी एका मुलाला गुण बघून सहा नावं दिली, विषयवार क्रेडिट तपासले नाहीत. चार नकार आले, कारण एकच: गणिताचे क्रेडिट कमी. तेव्हापासून अर्जाआधी मी अभ्यासक्रमाचं पुस्तक समोर ठेवून एकेक विषय जुळवायला लावते. मृण्मयीला दोन रविवार लागले. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दाखला, तिने आधीच मागवलं होतं. 2022च्या नोव्हेंबरपासून त्याच्याशिवाय विद्यार्थी व्हिसा पुढे सरकत नाही.

एजंटबद्दल वडिलांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. सरकारी विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत. त्यामुळे त्यांचं माहितीपत्रक तुमच्या हातात कोण कशाला देईल?

जूनमध्ये केम्निट्स आणि माग्डेबुर्ग, दोन्हीकडून होकार आले. परवा वर्कशॉपमधून वडिलांचा फोन. मागे लेथचा आवाज. वसतिगृहात अजून जागा नाही, बाहेर खोली बघतोय, डिपॉझिट किती घेतात?

"जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. त्यापेक्षा जास्त कायद्याने मागता येत नाही."

"आणि परत देतात?"

देतात, म्हटलं. भिंतीचं काही नुकसान केलं नसेल तर.

"मग तिला सांगतो, कॅलेंडर टेबलावर ठेव."