घंटेऐवजी लाल रुमाल

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची, घराजवळच्या प्लेग्रुपला जाते. जूनपासून वर्गात एक मुलगा आलाय, तो बोलत नाही, गाणी लागली की कानावर हात ठेवून ओरडतो, एकदा एकाला चावला पण. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तेच चाललंय, याला स्पेशल शाळेत का घालत नाहीत, आपल्या मुलांचं नुकसान होतंय वगैरे. मॅडम म्हणतात आमचं सेंटर इन्क्लुझिव्ह आहे, म्हणजे सगळ्या प्रकारच्या मुलांना एकत्र सामावून घेणारं, हीच आमची फिलॉसॉफी. मला त्या मुलाचं वाईट वाटतं पण खरं सांगू का, भीती पण वाटते. माझं चुकतंय का?
– एक आई, नाशिक

उत्तर : भीती वाटली म्हणून काही चुकलं नाही हो तुमचं. आणि चावण्याचं म्हणाल तर या वयात घडाघडा बोलणारी मुलं पण चावतात, तेव्हा कोणी त्यांना स्पेशल शाळेत घाला म्हणत नाही.

मी स्वतः बालवाडी चालवते. आमच्याकडे असाच एक मुलगा होता, पितळी घंटा वाजली की टेबलाखाली जाऊन बसायचा, आम्ही दोन महिने त्यालाच समजावत बसलो, घंटेची सवय कर रे बाबा, शेवटी आमच्या मावशी वैतागून म्हणाल्या ती घंटाच बंद करा ना. मग लाल रुमाल हलवायला लागलो, आठवडाभरात तो टेबलाखालून बाहेर आला आणि गंमत म्हणजे बाकीचा वर्गही शांत व्हायला लागला, कारण रुमाल दिसायला हवा तर मान वर करून बघावंच लागतं. फिलॉसॉफी म्हणतात ती एवढीच, मुलाला बदलायच्या आधी वर्गात काही बदलून बघायचं.

तसं हे काही आजचं फॅड नाही. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डी गावाला गेल्या, तिथे दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द त्यातलाच. मॉन्टेसरी पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरीबाईंचं तर विचारूच नका, रोममध्ये मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर त्यांनी आधी काम केलं आणि तिथे शिकलेलं 1907 मध्ये कामगार वस्तीतल्या साध्या मुलांसाठी वापरलं. म्हणजे तुमची लेक जी खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवते ना, त्यांचं मूळ तिथे आहे, आणि आपण ग्रुपवर लिहितोय नुकसान होतंय म्हणून!

आता मॅडमचीही बाजू घेणार नाही मी सरसकट. फ्लेक्सवर इन्क्लुझिव्ह लिहायचं आणि ते पोर कोपऱ्यात मोबाइल बघणाऱ्या शॅडो टीचरजवळ, म्हणजे फक्त त्याच्यासाठी ठेवलेल्या मदतनीस ताईजवळ, बसवायचं, असं पाहिलंय मी. तेव्हा मॅडमना सरळ विचारा, मुलं किती नि ताया किती, गोंगाट वाढला की त्याला बसायला शांत जागा आहे का, बोलता येत नाही तर पाणी हवंय, शू लागलीय हे सांगायला चित्रांची कार्डं आहेत का. पंचवीस मुलांमागे एकच ताई असेल तर त्याचंच काय, कोणाचंच धड होणार नाही, तिथे तक्रार जरूर करा पण ती ताई वाढवा अशी करा, मुलगा काढा अशी नको.

आणि स्पेशल शाळेचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोख, सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा असाच आहे. 2023 मध्ये अंगणवाड्यांसाठीही दिव्यांग मुलांचा प्रोटोकॉल, म्हणजे कसं वागायचं त्याची ठरवलेली पद्धत, आलाय. खासगी प्लेग्रुप बऱ्याचदा यातून निसटतात, म्हणजे तुमच्या मॅडमनी प्रवेश दिला हेच मला बरं वाटलं.

ग्रुपवर काही लिहिण्याआधी एक करा, त्या मुलाच्या आईशी बोला. सुटायच्या वेळी गेटपासून जरा लांब एकटी उभी असते ना, तीच असेल बहुतेक.