येस या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम कुठून ऐकायला सुरुवात करू? सगळे एकाच बँडचे वाटतच नाहीत!

वाटणारच नाहीत, दर एक-दोन अल्बममागे कोणीतरी सोडून जायचं नाहीतर नवीन यायचं. १९७१ च्या फ्रॅजाइलपासून सुरू कर, रिक वेकमन कीबोर्डवर आला तो याच अल्बमला, आणि त्यातल्या राउंडअबाउट गाण्यातला ख्रिस स्क्वायरचा खणखणीत बेस गिटार हेडफोन लावूनच ऐक. मग लगेच क्लोज टू द एज (१९७२), रेकॉर्डची एक अख्खी बाजू म्हणजे अठरा मिनिटांचं एकच गाणं, पण मधे सगळं शांत होऊन चर्च ऑर्गन सुरू होतो ना, तिथे काटा येतो अंगावर. पुढचा टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स मात्र सध्या राहू दे, चार बाजू चार गाणी, वेकमनच वैतागून बाहेर पडला त्याच्यानंतर. रिलेयर (१९७४) जरा जॅझकडे झुकलेला, पहिल्यांदा डोक्यावरून जाईल. गोइंग फॉर द वन (१९७७) माझा लाडका, वेकमन परत आला आणि अवेकन या गाण्यासाठी तो स्वित्झर्लंडमधल्या वेव्हेच्या चर्चमधला ऑर्गन वाजवतोय नि बाकीचे माँट्रोच्या स्टुडिओत, आवाज चक्क टेलिफोन लाइनवरून! आणि १९८३ चा ९०१२५ म्हणजे सरळ पॉप रॉक, ट्रेव्हर रॅबिनची गिटार, मस्त आहे पण सिंफॉनिक, म्हणजे ऑर्केस्ट्रासारखं भव्य वगैरे शोधायला जाऊ नकोस त्यात.