मायकोरायझा, कवकमूल की मित्रबुरशी?

मोहोळच्या एका ताईंचा प्रश्न आहे की पिकाच्या मुळाशी टाकायच्या बुरशीचा जो पुडा मिळतो त्याला दुकानदार 'मायकोरायझा' म्हणतो, लेकाच्या कृषीच्या नोट्समध्ये 'कवकमूल' आहे, शेजारचे 'मित्रबुरशी' म्हणतात, तर यातलं बरोबर कुठलं, आणि 'रानटी' नि 'गावठी' वाण एकच का.

ताई, मित्रबुरशी आधी बाजूला ठेवा, आपल्याकडं ते नाव घेतलं की बहुतेक दुकानात ट्रायकोडर्माचा पुडा हातात पडतो, आणि त्याचं काम वेगळं, मर नि मूळकूज करणाऱ्या बुरशीला दाबायचं. 'मूळबुरशी' म्हणावं तर डाळिंबवाला ऐकूनच गार होईल, बागेत मर आली म्हणून. मराठीत बुरशी 'लागते', लोणच्याला असो नाहीतर मुळीला, म्हणजे क्रियापदातच नुकसान आलं की ओ. कवक हा जुना संस्कृत शब्द, अर्थ अळंबी, धर्मशास्त्रात लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून खायला मनाई केलेला, पुढं पाठ्यपुस्तकांनी तो सगळ्याच बुरशांना लावला.

मायकोरायझा ग्रीकवरून आलाय, बुरशी अधिक मूळ. १८८५ मध्ये फ्रँक नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं तो केला, आणि गंमत म्हणजे त्याला काम दिलं होतं ट्रफल नावाची महागडी अळंबी लावून पिकवता येते का बघायचं! नेमकं बोलायचं तर आपण पुड्यातून टाकतो ती नुसती बुरशी, ती मुळीत शिरते, पेशीत बारीक झुडपासारख्या फांद्या फोडते, बाहेरच्या मातीतला स्फुरद (फॉस्फरस) नि जस्त ओढून आणते, बदल्यात पिकाकडून साखर घेते, आणि ही जोडी जमली की त्या जोडीला मायकोरायझा म्हणायचं. त्या हिशोबानं कवकमूल एकदम चोख, पण बांधावर उभं राहून कोण म्हणणार, मी तरी मायकोरायझाच म्हणतो. आणि 'पांढरी मुळी चालली' म्हणून जी दाखवतात ती पिकाचीच मुळी असते, बुरशी बघायला मायक्रोस्कोप लागतो.

रानटी आणि गावठी मात्र एक नाहीत. गावठी म्हणजे शेतकऱ्यानं पिढ्यानपिढ्या निवडून जपलेलं, आपली मालदांडी ज्वारी त्यातूनच निवडलेली. रानटी म्हणजे कुणी न पेरता उगवणारं, ज्वारीचा रानटी पूर्वज तर आफ्रिकेतला. आणि हा फरक इथं कामाचा आहे, कारण २७ पिकं त्यांच्या रानटी पूर्वजांशी ताडून बघितली तेव्हा रानटींना या बुरशीचा फायदा स्फुरद कमी असो की भरपूर, दोन्हीकडं झाला, लागवडीच्या पिकांना तो फक्त स्फुरद कमी असतानाच मिळाला. म्हणून डीएपीसारखं स्फुरदाचं खत दणकून टाकायचं आणि वर मायकोरायझाचा पुडा सोडायचा, हे मला तरी पैसे पाण्यात घालणं वाटतं.

पुड्यावर 'व्हॅम' लिहिलं असेल तर ते याच बुरशीचं जुनं नाव. आणि कोबी, मोहरी, पालक, बीट असेल तर घेऊच नका, त्यांच्या मुळीशी हिचं जमतच नाही.