एनबीएत (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघ हरला तरी प्लेऑफमध्ये कसा राहतो? (प्रश्न इंदूरहून)

कारण प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतर विजेता ठरवणाऱ्या फेऱ्यांत, एका पराभवाने सहसा काही संपत नाही. आपल्याकडे रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर खेळणारी मुलंही मला हेच विचारतात, कारण त्यांना ‘हरलात की घरी’ अशा बाद फेरीची सवय असते.

एनबीएत 30 संघ, पूर्व आणि पश्चिम विभागांत 15-15. प्रत्येकाचे 82 सामने झाले की दोन्ही विभागांतले पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये. खरा गुंता सात ते दहा क्रमांकांचा; त्यांच्यातल्या सामन्यांना ‘प्ले-इन’ म्हणतात. सातवा-आठवा भिडतात, जिंकणारा सातवी जागा घेतो. हरणाऱ्याला आणखी एक संधी असते: नववा-दहावा यांच्यातल्या विजेत्याला हरवलं तर आठवी जागा त्याची. हरूनही राहिलेला तुमचा तो संघ बहुधा इथेच वाचला असणार.

पुढे प्लेऑफच्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत त्याच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने. आधी चार जिंकेल तो पुढे. वरच्या क्रमांकाच्या संघाला पहिले दोन, पाचवा आणि सातवा सामना घरच्या मैदानावर मिळतो. अंतिम फेरीत मात्र घरच्या मैदानाचा हा फायदा कोणाला द्यायचा, यासाठी 82 सामन्यांत जास्त विजय कोणाचे, ते बघतात.

मला ही पद्धत मनापासून आवडते. 2023 मध्ये मायामी हीट पहिला प्ले-इन सामना हरला, दुसरा जिंकून आठवा आला आणि पार अंतिम फेरीपर्यंत पोहोचला! तिथे डेन्व्हरने त्यांना 4-1 हरवलं.

सामने आपल्याकडे पहाटे-सकाळी दिसतात, तेव्हा गजर लावून ठेवा.