वाचकांचे प्रश्न : कोस्टा मायाला आठ तास

प्रश्न : जुलैमध्ये मायामीहून क्रूझने निघतोय. मेक्सिकोत कोस्टा मायाला जहाज आठ तास थांबेल. पुण्याहून आलेले आईबाबा सोबत आहेत, दोघंही शाकाहारी. बंदराबाहेर पडावं का?

उत्तर : जरूर पडा. बंदराच्या आवारातली झावळ्यांची छपरं, पोहण्याचा तलाव, दुकानं हे सगळं क्रूझच्या प्रवाशांसाठीच उभारलेलं आहे. माहाहुआल हे गाव तिथून तीन-चार किलोमीटरवर आहे आणि टॅक्सी मिळते. भाडं बसण्याआधीच ठरवा, माणशी की गाडीचं तेही विचारा.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा होतो. कोस्टा माया ज्या राज्यात आहे, त्या क्विंताना रूमध्ये 2015 पासून घड्याळं वर्षभर एकाच वेळेवर असतात. जुलैत मायामी त्यांच्या एक तास पुढे असते. जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली, तर जहाजावर साडेचार वाजलेले असताना तुमचा फोन साडेतीन दाखवेल, आणि तुम्ही निवांत बसाल. म्हणून उतरताना जिन्यापाशी लावलेल्या, परतीची वेळ लिहिलेल्या फलकाचा फोटो काढा, फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा. बाबांच्या मनगटावर साधं घड्याळ असेल तर उत्तमच.

चाचोबेनचे माया अवशेष बघायचे तर जायला सुमारे तासभर लागतो, यायला तेवढाच. ही सहल जहाजामार्फतच घ्या. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. पिरॅमिडवर चढू देत नाहीत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचं काही हुकत नाही. डासांचं मलम मात्र हवंच.

शाकाहाराचं म्हणाल, तर नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका’ असं पूर्ण सांगा. पोयो म्हणजे कोंबडी, पेस्कादो म्हणजे मासा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घोटलेल्या राजम्यासारख्या उसळीत ती बरेचदा असते आणि दिसत नाही.

वैध अमेरिकन व्हिसावर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण परत अमेरिकेत शिरायचंय, तेव्हा आईबाबांच्या व्हिसावर ‘एंट्रीज’खाली ‘एम’ (म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश) छापलंय ना, ते आजच बघा.

प्रश्न : तिथल्या किनाऱ्यावर शेवाळ फार असतं म्हणतात, खरं का?

उत्तर : हो, सार्गासम. उन्हाळ्यात वाहत येतं आणि काठावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दम्याच्या माणसाने तिथे बसू नये. आदल्या दिवशीचे ताजे फोटो बघूनच किनाऱ्याचे पैसे भरा. शिवाय धक्का उघड्या समुद्रात आहे, वारा जोराचा असला की जहाज न लागताच पुढे जातं. बाहेरून काही ठरवलं असेल तर अशा वेळी पैसे परत मिळतात का, हे आधी लेखी घ्या.