आजी कुठे बघतेय?

प्रश्न : मी चिपळूणचा, वय २७. फोनवर फोटो काढतो. लोक ‘मस्त, क्लिअर आलाय’ म्हणतात आणि दोन सेकंदांत पुढे सरकतात. फोटोत गूढपणा कसा आणायचा? गावच्या घरी काढलेले आजीचे तीन फोटो पाठवतोय. पहिल्याला अ‍ॅपमधून धुकं दिलंय, दुसरा ब्लॅक अँड व्हाइट केलाय. तिसरा फसलाय, ऐन वेळी आजीनं मान वळवली. घराचा अंदाज यावा म्हणून तोही जोडलाय.

उत्तर : मिरजेत मी ३४ वर्षं स्टुडिओ चालवला. त्यातली निम्मी पासपोर्ट फोटोंत गेली. केस मागे घ्या, कान दिसू द्या, समोर बघा. माणसाचं काही म्हणता काही लपून राहू नये, यातच माझा हात बसलेला. तेव्हा गूढाबद्दल मला विचारणं म्हणजे गंमतच आहे. पण धुक्याचं मात्र खात्रीनं सांगतो : काढून टाका. तुमच्या धुक्यामागे आजी आहे, गॅसचा सिलिंडर आहे, बँकेचं कॅलेंडर आहे. सगळं जागच्या जागी, फक्त चष्मा काढून बघितल्यासारखं.

उलट एक गोष्ट लख्ख दिसावी आणि तिच्या शेजारची नेमकी गायब असावी, तिथे माणूस थबकतो. १८३८ मध्ये, फोटोग्राफी नुकती जन्मत होती तेव्हा, तिच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरनं पॅरिसमधल्या एका उंच खिडकीतून खालच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. नेटवर सहज सापडेल, फोनवर नको, मोठ्या पडद्यावर बघा. छपरं, धुराडी, झाडांची रांग, सगळं कोरल्यासारखं. आणि एवढा रुंद रस्ता ओस! गाव सोडून सगळे गेले की काय, असं वाटतं. प्रत्यक्षात रस्ता वाहता होता. माणसं होती, घोडागाड्या होत्या. पण त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला मिनिटं लागायची. जे हललं ते उमटलंच नाही. खाली डाव्या बाजूला एकच माणूस उरलाय, कारण तो बुटांना पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून थांबला होता. तारायंत्रवाला सॅम्युअल मोर्स १८३९ मध्ये पॅरिसला गेला होता, तेव्हा त्यानं हे चित्र पाहिलं आणि भावाला कळवलं, की त्या माणसाचे बूट आणि पाय स्पष्ट आहेत, पण धड आणि डोकं नाही, कारण ते हलत होतं. कारण समजलं तरी तो रस्ता बघताना मला अजून कसंतरी होतं. तो माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नाही.

आता तुमच्या माजघराकडे. दारातून ऊन येतंय, ते सोन्यासारखं आहे. पण फोन फार उपकारी. अंधारातला प्रत्येक डबा उजळून दाखवतो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार सारखा करून दाखवणारी फोनमधली सोय, बंद होत असेल तर करा. मग आजीच्या गालावर ऊन पडलंय तिथे पडद्यावर बोट ठेवा. शेजारी सूर्याची खूण येईल, ती खाली ओढा. सिलिंडर आपोआप काळोखात जाईल. त्याला उचलून बाहेर ठेवायचीही गरज नाही.

ब्लॅक अँड व्हाइटनं काय झालं? कॅलेंडर राखाडी झालं, बाकी काही नाही. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर सॉल लायटर यानं १९५० च्या दशकात रंगीत फिल्मवर रस्त्यावरचे फोटो काढले. बर्फात एक लाल छत्री, खालच्या माणसाचा चेहरा दिसतच नाही. रंग असूनही मन तिथेच घोटाळतं. वाफेनं धुरकटलेल्या काचांतूनही त्यानं खूप फोटो घेतलेत, पण ती वाफ खरोखर काचेवर होती हो, मागाहून फासलेली नव्हती.

आणि तुमचा तो फसलेला तिसरा फोटो. मी तो पहिल्या दोघांच्या चौपट वेळ बघत बसलो. आजीचा हात सुपात तसाच राहिलाय, मान अंगणाकडे वळलीय, अर्धा चेहरा उन्हात. आणि ओठांवर हसू आहे की बोलायला तोंड उघडलंय, काही केल्या ठरवता येत नाही. जिकडे ती बघतेय ते चौकटीच्या बाहेर राहिलंय. हाच मोठा प्रिंट करून घ्या, मॅट कागदावर, ८ बाय १२ मध्ये. आणि अंगणात कोण आलं होतं, ते मला कळवू नका.