फ्रेटलेस बेसला राउंडवाउंड तारा लावल्या तर फ्रेटबोर्ड खराब होतो का? बोर्डला तेल किती दिवसांनी लावावं?

होतो. उत्तर इथंच संपलं असतं, पण याच प्रश्नापायी माझं आणि आमच्या जुन्या बँडच्या गिटारिस्टचं आजतागायत वाजतंय. म्हणून जरा लांबण लावतो. फ्रेटलेस म्हणजे मानेवरच्या फ्रेटबोर्डवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, नसलेला बेस गिटार. राउंडवाउंड म्हणजे गोल तारेचं वेटोळं घातलेली खरखरीत तार.

मी बेळगावचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. गोव्यातून एक सेकंडहँड फ्रेटलेस आणला, रोजवूडचा बोर्ड, त्यावर फ्रेटच्या जागा दाखवणाऱ्या रेघासुद्धा नाहीत. आधीच्या मालकानं फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या गुळगुळीत, तारा घातलेल्या. पहिल्याच प्रॅक्टिसला गिटारिस्ट ओरडला, "काय करूलास बे? गादी बडवल्यासारखा आवाज येतोय. जाको पास्टोरिअस काय लावायचा? राउंडवाउंड. तू त्याच्यापेक्षा शहाणा?" जाको म्हणजे फ्रेटलेस बेसचा गाजलेला वादक. गिटारिस्ट वयानं मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. दादानं सांगितलं म्हणून स्टीलच्या राउंडवाउंड चढवल्या. आवाज सुरेख आला, खोटं कशाला बोलू. तो 'म्वाऽऽ' ऐकून मीच खूश. दोन गणपती असे गेले.

तिसऱ्या वर्षी जी तारेवरचा सी स्वर बिघडला. बोट जागेवर, सूर बरोबर, पण फाटक्या पतंगासारखी फरफर. बोर्ड खिडकीशी तिरका धरला तर तारेखाली चर दिसला, नख फिरवलं की अडकायचं. आणि सगळीकडं सारखा नाही. सी आणि डीच्या जागी खोल, कारण लांब स्वर मी तिथंच धरायचो आणि गिटारवाल्यासारखी तार आडवी हलवायचो. राउंडवाउंडच्या अंगाला वेटोळी असतात. ती लाकडावर आडवी ओढली की कानशीच झाली. व्हायोलिनवाला बोट तारेच्या लांबीत डोलवतो, तसं केलं तर झीज बरीच कमी होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दादाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्या गिटारला फ्रेट होते.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं बोर्डला खोबरेल पाजलं. "लाकूड फुगून चर भरून येतोय बघा." चर तसाच राहिला. वर ऐन पावसाळ्यात बोर्ड चिकट झाला आणि पुढं महिनाभर त्याला खवट वास.

शेवटी कुंद्याचा डबा घेऊन मिरज गाठलं. सतारमेकर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं बेस असा कधी हातात घेतला नव्हता. चरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तार लाकूड खाणारच की. जवारी आम्ही हौसेनं काढतो काय? सरोदला पत्रा का असतोय, कधी विचार केलास?" जवारी काढणं म्हणजे तारेनं झिजलेली सतारीची घोडी पुन्हा घासून नीट करणं. आणि पत्र्याचा विचार, खरं सांगतो, नव्हता केला. सरोदलाही पडदे नाहीत, तारा धातूच्या, म्हणून खाली गुळगुळीत पोलादी पत्रा. आपण फ्रेटलेसवाले तीच तार उघड्या लाकडावर घासतो आणि मग रडतो.

त्याच्याकडं बोर्डच्या गोलाईचा ठोकळा नव्हता. तारा उतरवून मी ट्रस रॉडनं, म्हणजे मानेच्या आतली सळई फिरवून, मान सरळ केली. त्यानं बॉडीजवळच्या, न झिजलेल्या भागावर पॉलिशपेपर खर वर करून चिकटवला आणि सागवानी तुकडा त्यावर घासत बसला. तासाभरात तुकड्याच्या पोटाला बोर्डची नेमकी गोलाई आली. मग पेपर त्या ठोकळ्याला लावून बोर्ड लांबीत घासला, आधी खरखरीत, शेवटी ६०० नंबर. मधूनमधून पट्टी ठेवून खालून उजेड येतो का बघायचा. बोर्ड उतरला म्हणून नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही थोड्या खाली घ्याव्या लागल्या. हे दरवर्षी करायचं काम नाही, प्रत्येक वेळी लाकूड कमीच होतं.

आता दादासाठी. जाकोचा बेस म्हणजे फेंडर कंपनीचा १९६२ चा जॅझ बेस. फ्रेट काढलेले, खाचा भरलेल्या, आणि वरून बोटीला लावतात ते इपॉक्सी. राउंडवाउंड तारा त्या काचेसारख्या थरावर चालत होत्या, माझ्यासारख्या उघड्या रोजवूडवर नाही. दादाला तारांचं नाव पाठ होतं, इपॉक्सीचा पत्ता नव्हता. हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "तुझा हातच जड." हात जड होता, वर कबूल केलंय. पण अर्धवट माहितीवर माझा बोर्ड त्यानंच घालवला.

तुमचा बोर्ड रोजवूड असेल तर सरळ फ्लॅट लावा. एबनी जास्त टिकतो, पण तोही झिजतो. फ्लॅट मेलेल्या वाटत असतील तर हाफराउंड (राउंड आणि फ्लॅटच्या मधल्या) किंवा नायलॉन टेपवाउंड (वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या) बघा. राउंडच हवी असेल तर स्टील नको, निकेल घ्या, नाहीतर इपॉक्सीचा खर्च करा. तारांचं म्हणाल तर फ्रेटलेसवर त्यांना फ्रेटचे खळगे पडत नाहीत, घामानं मात्र मरतात. वाजवून झालं की फडकं मारा. फ्लॅट वर्षानुवर्षं चालतात.

एक राहिलं. फ्लॅटचा ताण बहुधा जास्त असतो, मान वाकते. बदलल्यावर दोन दिवस थांबून ट्रस रॉड बघा, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवू नका.

आणि हो, तेल. उघड्या लाकडालाच, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आमच्याकडं श्रावणात लाकूड आधीच पाणी प्यालेलं असतं, तेव्हा नाही. शिमग्यानंतर हवा कोरडी झाली की लेमन ऑइलचे चार थेंब फडक्यावर घेऊन लावा आणि पाच मिनिटांत पुसून काढा. लॅकर मारलेला मेपल किंवा इपॉक्सी असेल तर तेल लावूच नका. खोबरेल तर कशालाच नको, माझ्या केसचं अस्तर अजून वास मारतंय.